चंद्राभोवतीचे प्लाझ्मा तरंग स्वतः तपासायचे असतील तर : थेमिस-आर्टेमिसचा मुक्त डेटा आणि पायस्पेडस

चंद्राभोवती फिरणाऱ्या दोन अवकाशयानांनी २०११ सालापासून मोजलेले चुंबकीय क्षेत्र, विद्युत क्षेत्र, इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या नोंदी आज कोणालाही शुल्क न भरता उतरवून घेता येतात, ही गोष्ट आपल्याकडच्या भौतिकशास्त्राच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. नासाच्या थेमिस-आर्टेमिस मोहिमेचा हा डेटा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अवकाशविज्ञान प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर ठेवलेला आहे. तो उतरवणे, वाचणे आणि त्याचे आलेख काढणे यासाठी पायस्पेडस हे पायथनमधले मुक्त सॉफ्टवेअर आहे. या दोहोंचे मिळून हे परीक्षण आहे आणि ते एका ठरावीक कामाच्या दृष्टीने केले आहे: हवा नसलेल्या चंद्रावर सौरवारा आदळतो तेव्हा आसपासच्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूत, जे तरंग उठतात ते शोधणे, त्यांचा प्रकार ओळखणे आणि ते खरोखर चंद्रामुळेच उठले आहेत का, हे ठरवणे. माझे मत आधीच सांगतो. पहिल्या दोन कामांसाठी ही सेवा उत्तम आहे. तिसऱ्या कामाला लागणारे जवळजवळ सगळे साहित्यही ती देते, पण निवाडा वापरणाऱ्यावर सोडते, आणि तो कसा करायचा याविषयी तिच्या माहितीपुस्तिकेत चंद्राच्या संदर्भात फारसे काही सापडत नाही. म्हणून या लेखात त्या निवाड्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी विषयाची थोडी ओळख आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय डेटाची पारख करता येणार नाही. सौरवारा म्हणजे सूर्यापासून सतत वाहणारा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि काही हेलियम केंद्रके यांचा प्लाझ्मा. पृथ्वी-चंद्राच्या परिसरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर, घनता घनसेंटिमीटरला साधारण ५ कण आणि त्यातले चुंबकीय क्षेत्र सुमारे ५ नॅनोटेस्ला असते. नदीच्या पात्रातल्या खडकाला पाणी वळसा घालते, तसा सौरवारा चंद्राला वळसा घालत नाही. पृथ्वीसारखे सर्वदूर चुंबकीय क्षेत्र नाही आणि दाट आयनावरणही नाही, त्यामुळे बहुतेक कण सरळ पृष्ठभागावर आदळून तिथेच शोषले जातात. परिणामी चंद्राच्या सूर्याभिमुख बाजूला धनुराघात, म्हणजे वेगवान वारा अडथळ्यापुढे एकाएकी मंदावतो तिथला धनुष्याकृती आघात-तरंग, तयार होत नाही. १९६७ साली प्रक्षेपित झालेल्या एक्सप्लोरर ३५ या यानाने हे दाखवून दिले. चंद्रामागे मात्र जवळपास रिकामी, लांबट पोकळी उरते. संशोधक तिला वेक म्हणतात. इथेही तोच शब्द वापरतो.

कण शोषले जातात म्हणजे बाकी काही घडत नाही, असा समज पूर्वी बराच रूढ होता. तो चुकीचा ठरवण्यात जपानच्या कागुया यानाचा आणि आपल्या चांद्रयान-१ चा वाटा मोठा आहे. कागुयाने पृष्ठभागावरून ०.१ ते १ टक्का प्रोटॉन परत फेकले जातात असे मोजले. चांद्रयान-१ वरील सारा हे उपकरण स्वीडनच्या किरुना येथील अवकाश भौतिकी संस्था आणि तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातली अवकाश भौतिकी प्रयोगशाळा यांच्या सहकार्यातून उभे राहिले होते. त्याने दोन गोष्टी दाखवल्या. आदळणाऱ्या प्रोटॉनांपैकी सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे प्रोटॉन उदासीन हायड्रोजन अणू होऊन परततात. शिवाय चंद्राच्या कवचात जिथे जिथे जुन्या चुंबकत्वाचे पट्टे शिल्लक आहेत, तिथे सरासरी १० टक्के, आणि काही ठिकाणी सुमारे निम्मे प्रोटॉन परावर्तित होतात. हे परतलेले प्रोटॉन येणाऱ्या वाऱ्याच्या उलट दिशेने निघतात आणि सौरवाऱ्याच्या क्षेत्रात वळण घेतात. ५ नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात ४०० किलोमीटर वेगाच्या प्रोटॉनाची वर्तुळत्रिज्या ८०० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे चंद्राच्या १,७३७ किलोमीटर त्रिज्येच्या जवळपास निम्मी भरते. एकाच जागी दोन वेगवेगळ्या वेगांनी जाणारे कण आले की प्लाझ्मा अस्थिर होतो आणि त्यातली अतिरिक्त ऊर्जा तरंगांच्या रूपाने बाहेर पडते. या सगळ्या विषयाचे मूळ या एका वाक्यात आहे.

असे तरंग मुख्यतः तीन गटांत दिसतात. चंद्राच्या सूर्याकडच्या बाजूला आणि वेकच्या कडेला सुमारे १ हर्ट्झचे व्हिसलर तरंग (चुंबकीय रेषांभोवती उजवे फिरणाऱ्या क्षेत्राचे विद्युतचुंबकीय तरंग) आढळतात; ते जिओटेल यानाने आणि पुढे कागुयाने नोंदले. कागुयाने त्याहून कितीतरी संथ, सुमारे १०० सेकंद आवर्तकाळाचे, एकसुरी आणि मोठ्या आयामाचे तरंगही पाहिले, आणि त्यांचा संबंध परावर्तित प्रोटॉनांशी लावला गेला. दुसरा गट शेकडो हर्ट्झच्या आसपासच्या तरंगांचा, तो इलेक्ट्रॉनांमुळे होतो: काही इलेक्ट्रॉन पृष्ठभागात शोषले जातात, काही कवचातल्या क्षेत्राने परत पाठवले जातात, त्यामुळे उरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दिशांची वाटणी एकांगी होते आणि त्यातून तरंग वाढतात. तिसरा गट वेकच्या आतल्या भागातला. तिथे चुंबकीय रेषांना धरून दोन्ही बाजूंनी प्लाझ्मा पोकळीत शिरतो, हलके इलेक्ट्रॉन पुढे धावतात, जड आयन मागे राहतात, त्यांच्यात विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि समोरासमोर येणारे कणांचे झोत स्थिरविद्युत तरंगांना, म्हणजे चुंबकीय क्षेत्र न हलता फक्त विद्युत क्षेत्र हलते अशा तरंगांना, जन्म देतात. विंड यानाने २७ डिसेंबर १९९४ रोजी चंद्रामागे सुमारे साडेसहा चंद्रत्रिज्यांवरून वेक ओलांडला, तेव्हा हे चित्र पहिल्यांदा नीट हाती आले.

आता मोहिमेकडे वळू. थेमिसची पाच याने १७ फेब्रुवारी २००७ रोजी एकाच प्रक्षेपणात पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या अभ्यासासाठी पाठवली होती. त्यांपैकी बाहेरच्या कक्षांतली दोन याने पुढे चंद्राकडे वळवण्यात आली. आधी ती पृथ्वी-चंद्र प्रणालीच्या लाग्रांज बिंदूंभोवती (दोघांच्या ओढीचा तोल साधणाऱ्या जागांभोवती) फिरली आणि २०११ च्या जून व जुलैमध्ये चंद्राच्या कक्षेत स्थिरावली. या जोडीलाच आर्टेमिस म्हणतात. माणसाला चंद्रावर नेण्याच्या नंतरच्या कार्यक्रमाशी तिचा संबंध नाही. दोन्ही कक्षा लंबवर्तुळाकार आणि विषुववृत्ताजवळच्या आहेत. याने चंद्रापासून १५ हजार किलोमीटरहून अधिक दूर जातात, आणि जवळ येताना काही वेळा पृष्ठभागापासून जेमतेम दहा-वीस ते शंभर किलोमीटरवरून जातात. एक फेरा साधारण एका दिवसाचा आहे. एक यान चंद्राच्या परिवलनाच्या दिशेने फिरते, दुसरे उलट दिशेने. ही जोडी असणे हाच या डेटाचा खरा मोठेपणा आहे. कारण पुढे येईल.

यानांवर पाच प्रकारची उपकरणे आहेत. फ्लक्सगेट चुंबकमापी संथ बदल मोजतो. सर्च कॉइल चुंबकमापी ०.१ हर्ट्झपासून ४ किलोहर्ट्झपर्यंतचे चुंबकीय तरंग पकडतो. विद्युत क्षेत्राच्या उपकरणाचे गोलाकार संवेदक लांब तारांच्या टोकांना बसवलेले आहेत. समोरासमोरच्या संवेदकांतले अंतर एका जोडीत सुमारे ५० मीटर, दुसरीत सुमारे ४० मीटर आहे, तर फिरण्याच्या अक्षावरची जोडी त्या मानाने फारच आखूड, ७ मीटरच्या आसपास आहे. स्थिरविद्युत विश्लेषक काही इलेक्ट्रॉनव्होल्टपासून सुमारे २५ ते ३० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे कण मोजतो आणि त्यावरच्या ऊर्जेसाठी घनस्थिती दुर्बीण आहे. याने स्वतःभोवती तीन-चार सेकंदांत एक फेरी घेत असल्याने कणांचे संपूर्ण त्रिमितीय वितरण एका फेरीत एकदा मिळते, त्याहून वेगाने नाही.

पायस्पेडस बसवणे सोपे आहे. पायथन असलेल्या कोणत्याही साध्या लॅपटॉपवर पिप या पायथनच्या स्थापना-साधनाच्या एका आज्ञेत ते येते. पुढे थेमिसच्या शाखेतले चुंबकमापीचे फंक्शन हाक मारून यानाचे अक्षर आणि आरंभ-अखेरची वेळ दिली की सॉफ्टवेअर त्या दिवसाची फाइल सर्व्हरवरून उतरवते, लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये साठवते आणि त्यातल्या राशी नावांनिशी स्मृतीत ठेवते. एकदा उतरलेली फाइल पुन्हा मागवावी लागत नाही, ही सोय ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांतल्या मंद इंटरनेटसाठी फार मोलाची आहे. टीप्लॉट या फंक्शनला दोन-चार नावे दिली की एकाखाली एक पट्ट्यांचा आलेख समोर येतो. वेळेची अक्षरेखा सगळ्यांची एकच असल्यामुळे घनता कोसळली त्या क्षणी क्षेत्रात काय झाले, हे नजर खाली सरकवून कळते. प्लाझ्माभौतिकीतले प्रत्यक्ष काम मोठ्या प्रमाणात याच प्रकारच्या आलेखाकडे बघून होते, आणि तो इतक्या थोड्या खटपटीत मिळावा, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू मी मानतो.

नवख्याने दोन गोष्टी आधीच लक्षात ठेवाव्यात. सॉफ्टवेअरमध्ये आर्टेमिस अशी वेगळी शाखा शोधत बसू नये. पी१ या यानाचे अक्षर 'बी' आणि पी२ चे 'सी' आहे आणि दोन्ही थेमिसखालीच आहेत. दुसरे म्हणजे नव्या आवृत्त्यांत सगळ्या मोहिमांची फंक्शने 'प्रोजेक्ट्स' या शाखेखाली नेली आहेत, त्यामुळे इंटरनेटवर सापडणारी जुनी उदाहरणे जशीच्या तशी चालतीलच असे नाही.

उदाहरण म्हणून १३ फेब्रुवारी २०१० हा दिवस घ्यावा. चंद्राच्या कक्षेत स्थिरावण्याआधीच त्या दिवशी पी१ ने चंद्राच्या वेकमधून पहिल्यांदा प्रवास केला आणि त्यावर निघालेल्या शोधनिबंधांमुळे आपला आलेख ताडून पाहायला आधार मिळतो. यान 'बी'चे चुंबकीय क्षेत्र, इलेक्ट्रॉनांची घनता, आयन व इलेक्ट्रॉनांचे ऊर्जा-वर्णपट आणि विद्युत क्षेत्राच्या फिल्टर बँकेची पट्टी असे चार-पाच पट्टे मांडावेत. फिल्टर बँकेत सहा वारंवारता-पट्टे असतात, सर्वांत खालचा २ हर्ट्झच्या आसपासचा आणि सर्वांत वरचा पावणेतीन किलोहर्ट्झच्या जरा खालचा. वेकमध्ये शिरताना घनतेची रेषा उतरत जाते आणि बाहेर पडताना पुन्हा चढते. आयनांच्या वर्णपटात जो एक ठळक, अरुंद पट्टा सौरवाऱ्यात दिसत असतो, त्याची जागा पोकळीत दोन वेगळ्या ऊर्जांचे फिकट पट्टे घेतात, कारण दोन्ही बाजूंनी शिरलेले आयन आता एकमेकांतून जात असतात. याच भागात विद्युत क्षेत्राच्या पट्टीत स्थिरविद्युत तरंगांचे पुंजके उमटतात. शोधनिबंधांत त्यांची वारंवारता इलेक्ट्रॉन प्लाझ्मा वारंवारतेच्या (प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन ढळले की ज्या नैसर्गिक वारंवारतेने झुलतात तिच्या) साधारण ०.१ ते ०.४ पट आणि वेग सेकंदाला १,००० किलोमीटरच्या घरात असल्याचे दाखवले आहे. हा निष्कर्ष तपासायला लागणारे गणित एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे: घनतेच्या वर्गमुळाला ९ ने गुणले की इलेक्ट्रॉन प्लाझ्मा वारंवारता किलोहर्ट्झमध्ये मिळते, मात्र घनता घनसेंटिमीटरमागे घ्यावी.

याच गणितातून या उपकरणांची एक मर्यादाही उघड होते. सौरवाऱ्यात घनता ५ असताना ही वारंवारता २० किलोहर्ट्झ येते. विद्युत क्षेत्राच्या उपकरणाचा आवाका ८ किलोहर्ट्झपर्यंतच आहे. म्हणजे चंद्राच्या सूर्याकडच्या बाजूचे लँगम्यूर तरंग, म्हणजे या वारंवारतेच्या जवळ उठणारे इलेक्ट्रॉन तरंग, या डेटात तरंगाच्या रूपात दिसणारच नाहीत. ते नाहीत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. वेकच्या आत घनता शंभर पटींनी उतरली तर तीच वारंवारता २ किलोहर्ट्झवर येते आणि उपकरणाच्या टप्प्यात सापडते. वेकमधल्या स्थिरविद्युत तरंगांवर या मोहिमेतून इतके चांगले काम होऊ शकले, याचे एक कारण हे आहे.

तरंगांचा प्रकार ओळखण्याच्या कामात डेटाच्या नमुनादराकडे लक्ष न देणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. चुंबकमापीची नेहमीची नोंद सेकंदाला ४ वाचनांची असते. १ हर्ट्झच्या व्हिसलर तरंगाच्या एका आवर्तनात त्यातून चारच बिंदू मिळतात. तरंग आहे एवढे कळते, पण त्याचा आकार आणि ध्रुवण (क्षेत्राची दिशा कशी फिरते ते) यांवर भरवसा ठेवता येत नाही. सेकंदाला १२८ वाचनांची नोंद उपलब्ध आहे, मात्र ती निवडक काळापुरतीच, ज्याला बर्स्ट म्हणतात. म्हणून आधी संथ डेटात संशयित जागा हेरावी, मग त्या वेळी बर्स्ट होता का हे पाहावे आणि असेल तरच पुढे जावे. अशा वेळी टीवेवपोल हे फंक्शन उत्तम काम देते. क्षेत्राला समांतर अक्षपद्धतीत रूपांतर करून दिलेल्या तीन घटकांतून ते तरंगाची ध्रुवणमात्रा, दीर्घवृत्तता (क्षेत्र किती गोल आणि उजवे की डावे फिरते ते) आणि प्रसारणाचा कोन काढते. जुन्या काळी ज्यासाठी स्वतः शेकडो ओळींचा प्रोग्रॅम लिहावा लागे, ते इथे तयार आणि अनेकांनी तपासलेले मिळते.

मात्र टीवेवपोलने दिलेली दीर्घवृत्तता वाचताना सौरवाऱ्याचा वेग विसरता कामा नये. यान चंद्राभोवती सेकंदाला एक-दोन किलोमीटरने फिरते, वारा ४०० ने वाहतो. १०० किलोमीटर तरंगलांबीचा तरंग वाऱ्याच्या दिशेने ओढला गेला तर केवळ त्या वाहण्यामुळे त्याच्या वारंवारतेत ४ हर्ट्झपर्यंतचा फरक पडतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पुढे सरकू पाहणारा, पण वाऱ्यापेक्षा मंद असलेला व्हिसलर तरंग यानाजवळून उलटा वाहून जातो, आणि प्लाझ्माच्या चौकटीत उजवा असलेला तरंग यानाला डावा भासतो. असे डावे दिसणारे व्हिसलर तरंग चंद्राजवळ खरोखरच नोंदले गेले आहेत. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करत नाही आणि करूही शकत नाही, कारण त्यासाठी तरंगलांबी माहीत असावी लागते. तिथे भौतिकशास्त्र वापरणाऱ्यालाच आणावे लागते.

आता वेकमधल्या मोजमापांविषयी, कारण परीक्षक म्हणून माझी सर्वांत गंभीर सूचना इथे आहे. वेकचा चंद्राजवळचा भाग आणि चंद्राची सावली बरीचशी एकच जागा व्यापतात. सावलीत शिरताच यानावरचा सूर्यसंवेदक निरुपयोगी होतो, यानाची फिरण्याची अवस्था अंदाजाने काढावी लागते, थंडीमुळे तारा आखडून फिरण्याचा वेगही किंचित बदलतो; परिणामी घटकांच्या दिशा हळूहळू सरकतात. आयडीएल भाषेतल्या मूळ स्पेडस सॉफ्टवेअरमध्ये ग्रहणकाळासाठी वेगळ्या दुरुस्तीचा पर्याय दिलेला आहे. दुसरे असे की उन्हात यानाच्या पृष्ठभागावरून सतत प्रकाश-इलेक्ट्रॉन बाहेर पडत असतात आणि यान धनभारित राहते. सावलीत ते थांबतात आणि यान ऋणभारित होते. मग कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन विश्लेषकापर्यंत पोचतच नाहीत, मोजलेली घनता खऱ्यापेक्षा कमी भरते आणि वर सांगितलेल्या सूत्रातून निघणारी प्लाझ्मा वारंवारताही चुकते. विद्युत क्षेत्राच्या संवेदकांचा यानाशी असलेला विद्युत संबंधही याच वेळी बदलतो. म्हणून सावलीत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या नेमक्या क्षणी विद्युत क्षेत्रात दिसणारी उडी ही तरंगाची म्हणून मोजू नये. पायस्पेडस आलेख काढताना यांपैकी कशाचाही इशारा देत नाही. सावलीचा काळ आलेखावर आपोआप वेगळ्या रंगात दाखवण्याची सोय असती, तर विद्यार्थ्यांचे बरेच चुकीचे निष्कर्ष टळले असते. ती सोय स्वतः करणे अवघड नाही: यानाच्या स्थितीतून चंद्राची स्थिती वजा करावी, सूर्य-चंद्र रेषेपासूनचे लंब अंतर काढावे, आणि यान चंद्रामागे असून हे अंतर १,७३७ किलोमीटरपेक्षा कमी असेल तेवढा काळ खुणेने दाखवावा. माझ्या मते हे पाऊल ऐच्छिक मानू नये.

आयनांच्या घनतेबाबतही सावध राहावे. विश्लेषक वेगवेगळ्या पद्धतींत चालतो आणि चुंबकावरणासाठी योजलेल्या पद्धतीत सौरवाऱ्याचा अरुंद झोत नीट मोजला जात नाही. आयन आणि इलेक्ट्रॉन यांची घनता एकाच पट्टीत एकत्र मांडावी. त्या बऱ्यापैकी जुळत नसतील तर पुढचा हिशोब थांबवावा.

आता तरंग चंद्राचाच आहे का, हा प्रश्न. चंद्र महिन्यातले चार-पाच दिवस पृथ्वीच्या चुंबकपुच्छात (सूर्याच्या विरुद्ध बाजूला ताणलेल्या चुंबकावरणात) असतो, त्याच्या आधी-नंतर चुंबकावरणाबाहेरच्या खळबळत्या थरात असतो आणि उरलेला काळ सौरवाऱ्यात असतो. पण सौरवाऱ्यात असतानाही पृथ्वीच्या धनुराघाताकडून परावर्तित झालेले कण चुंबकीय रेषांना धरून चंद्रापर्यंत येऊ शकतात आणि वाटेत स्वतःचे तरंग निर्माण करतात. हे तरंग सुमारे १ हर्ट्झचे किंवा सुमारे ३० सेकंदांच्या आवर्तकाळाचे, म्हणजे चंद्राच्या तरंगांसारखेच असतात. एकच यान असते तर भेद करणे बहुतेक वेळा अशक्य ठरले असते. इथे दुसरे यान कामाला येते. 'बी' चंद्राजवळ असताना 'सी' हजारो किलोमीटर दूर असेल, तर 'सी'ची नोंद म्हणजे चंद्राने न ढवळलेल्या सौरवाऱ्याची नोंद. तरंग दोन्ही ठिकाणी दिसला तर तो बाहेरून आलेला आहे. फक्त चंद्राजवळ दिसला आणि त्याच वेळी यानातून जाणारी चुंबकीय रेषा चंद्राच्या पृष्ठभागाला छेदत असली, तर दावा मजबूत होतो. रेषा छेदते का, हे सरळ रेषा मानून काढणे भूमितीचे साधे गणित आहे. यानाची स्थिती आणि क्षेत्राची दिशा दोन्ही डेटात आहेत. दोन यानांच्या या तुलनेमुळेच मी ही सेवा चंद्राविषयीच्या इतर सर्व उपलब्ध डेटापेक्षा वरची मानतो.

पर्याय कोणते आहेत, हेही पाहायला हवे. ज्याला प्रोग्रॅमिंग मुळीच करायचे नाही, त्याच्यासाठी मोहिमेच्या संकेतस्थळावर रोजचे तयार सारांश-आलेख आहेत. दिवस निवडण्यासाठी ते फार सोयीचे, पण मोजमापासाठी अपुरे. नासाच्या गॉडार्ड केंद्राची सीडीए-वेब सेवा आलेख आणि आकडे दोन्ही देते, मात्र ध्रुवणाचे विश्लेषण तिथे होत नाही. आयडीएलमधली मूळ स्पेडस कच्च्या डेटाच्या परिमाणनासाठी (कॅलिब्रेशनसाठी) अजूनही जास्त परिपूर्ण आहे, पण आयडीएलचा परवाना आपल्या महाविद्यालयांना परवडणारा नाही. परवान्याशिवाय चालणारी तिची आवृत्ती मेन्यूवरून काम करू देते, स्वतःचा प्रोग्रॅम त्यात चालवता येत नाही. इस्रोच्या भारतीय अवकाश विज्ञान डेटा केंद्राच्या प्रदान संकेतस्थळावर नावनोंदणी करून चांद्रयान मोहिमांचा डेटा मिळतो आणि परावर्तित प्रोटॉनांच्या अभ्यासासाठी साराचा डेटा अनमोल आहे. पण चांद्रयान-१ वर चुंबकमापी नव्हता, त्यामुळे तरंगांचे कारण तिथे दिसते, तरंग दिसत नाहीत. पायस्पेडसची आणखी एक खुबी इथे सांगण्यासारखी आहे: विंड, जिओटेल, क्लस्टर यांसारख्या इतर मोहिमांचा डेटाही त्याच पद्धतीने उतरतो, त्यामुळे १९९४ च्या वेक-ओलांडणीचे चुंबकीय क्षेत्र आणि आर्टेमिसची नोंद एकाच पडद्यावर शेजारी ठेवता येते.

या विषयावर जागतिक दर्जाचे काम करायला परदेशीच जावे लागते, असे नाही. नवी मुंबईत पनवेलजवळ असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांनी आर्टेमिसच्या वेकमधल्या याच निरीक्षणांवर २०१७ साली सैद्धांतिक काम प्रसिद्ध केले. प्रोटॉन, हेलियम आयन, इलेक्ट्रॉनांचा झोत आणि अतिऔष्णिक (सरासरीहून बरीच जास्त ऊर्जा असलेले) इलेक्ट्रॉन असे घटक धरून त्यांनी वेकमध्ये एकट्या उसळीसारखे स्थिरविद्युत तरंग कसे टिकू शकतात, हे मांडले. त्या गणितात लागणारे घनता आणि तापमान यांचे आकडे ज्या डेटातून येतात, तोच डेटा सांगलीतल्या किंवा नांदेडमधल्या विद्यार्थ्यालाही उघडता येतो.

कोणाला ही सेवा सुचवावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पायथनची मूलभूत ओळख आणि विद्युतचुंबकत्वाचा पदवीपर्यंतचा अभ्यास असलेल्या कोणालाही ती सुचवीन. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तर आवर्जून. ज्याला नुसती सुंदर चित्रे हवी आहेत, त्याने इथे येऊ नये. मार्गदर्शक शिक्षकांना एवढेच सांगेन की विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी वेक देऊ नये. आधी चंद्र स्वच्छ सौरवाऱ्यात असल्याचा एखादा दिवस निवडून दोन्ही यानांचे क्षेत्र एकमेकांशी जुळवायला लावावे, मग कवचातल्या चुंबकत्वावरून यान गेल्याचा एखादा फेरा द्यावा आणि सावलीची खूण करणारा छोटा प्रोग्रॅम विद्यार्थ्याने स्वतः लिहिल्यावरच १३ फेब्रुवारी २०१० चा डेटा उघडू द्यावा.